दुकानांच्या गल्लीतून शाळेकडे

ऑफिसात सगळे त्यांना फुटपट्टी म्हणत. अंगाने सडपातळ, चालायला सरळ आणि खिशात कायम मोजायची टेप, त्यामुळे दुसरं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही. नगररचनेच्या ऑफिसात आरेखक म्हणून लागले तेव्हा डोक्यावर दाट केस होते. आता केस गेले, टेप राहिली. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं तरी आत शिरण्याआधी पायऱ्यांची उंची डोळ्यांनी मापून घेणारा हा माणूस. पायऱ्या एकसारख्या नसल्या तर यजमानांना तसं सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दुसऱ्यांदा बोलावणारी घरं त्यामुळे कमी होती, पण जी होती ती जिवाभावाची होती.

शहराच्या कडेला नवी वसाहत उभी राहायचं ठरलं तेव्हा ऑफिसात कामांची वाटणी झाली. मोठे रस्ते मोठ्यांना गेले, पूल त्याहून मोठ्यांना गेला. पायी चालणाऱ्यांच्या वाटा मात्र कुणालाच नको होत्या. त्यांचं ना उद्घाटन होतं, ना फोटो निघतात. आणि सगळ्यांना माहीत असतं, की आधी घरं बांधायची, मग गाड्यांना रस्ते, मग गाड्या उभ्या करायला जागा, आणि एवढं करून काही उरलंच तर माणसांना चालायला. उरत काही नाही. मग माणसं गटाराच्या कडेने एकामागे एक चालतात, आणि काही दिवसांनी त्यांनाही त्याचं काही वाटेनासं होतं. तर हे उरलंसुरलं काम फुटपट्टींच्या गळ्यात पडलं. सहकाऱ्यांनी सहानुभूती दाखवली. फुटपट्टी मात्र त्या दिवशी घरी जाताना जिन्यात गुणगुणत होते.

कारण घरात होतं. त्यांची बायको शिक्षिका. शेजारपाजारचे तिला बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. काही वर्षांपूर्वी बाईंची नजर कमी व्हायला लागली. आधी फळ्यावरची शेवटची ओळ गेली, मग वहीतली अक्षरं, मग मुलांचे चेहरे. डॉक्टरांनी डोळ्यांच्या मागच्या नसेचं काहीतरी नाव सांगितलं, त्याला औषध नाही हेही सांगितलं. बाईंनी शाळा सोडली. महिनाभर पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या, आणि एक दिवस उठून पांढरी काठी घेऊन चालायचं शिक्षण घ्यायला गेल्या. तिथे त्या इतक्या पटकन शिकल्या की शिकवणारा म्हणाला, तुम्हीच आता नव्यांना शिकवा.

फुटपट्टींनी त्या काळात बायकोसाठी जे जे सुचलं ते केलं. सुचलं ते सगळं बरोबर होतं असं नाही. घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना त्यांनी तेल घातलं, टिकटिकणारं घड्याळ काढून बिनआवाजाचं आणलं, नळाची गळती बंद केली. तिला आता कशाचा त्रास व्हायला नको, एवढंच त्यांच्या डोक्यात. आठवडाभरात बाईंच्या कपाळाला टेंगूळ आलं. उघडं राहिलेलं दार आता कुरकुरत नव्हतं, मग त्यांना ते कळणार कसं? त्यांनी कपाळावर बर्फ धरून नवऱ्याला एवढंच विचारलं, "अहो, घराला अजून कुठे कुठे तेल घालायचं राहिलंय?" त्यावर हसून विषय संपला. तो तिथे संपायला नको होता, पण नवऱ्यांचं शिक्षण असंच हप्त्याहप्त्याने होतं.

नव्या वसाहतीत ऑफिसच्या कोट्यातून त्यांना एक घर मिळालं, आणि त्याच वसाहतीत नवी शाळा उघडणार होती. मुख्याध्यापिका बाईंच्या जुन्या ओळखीच्या. त्या स्वतः घरी आल्या आणि म्हणाल्या, "लहान मुलांना गोष्टी सांगायला, पाढे शिकवायला तुमच्यासारखं माणूस मला दुसरं मिळणार नाही. वर्गात मदतनीस देते. फक्त शाळेपर्यंत यायचं तुमचं तुम्ही बघा."

बाईंचा भाऊ त्या वेळी तिथेच होता. त्याने नुकतीच गाडी घेतली होती आणि कुणाला तरी कुठे तरी सोडायची त्याला हौस होती. "ताई, त्यात काय एवढं? रोज सकाळी मी सोडतो. नाहीतर भावोजी आहेतच की, हात धरून नेतील."

बाई म्हणाल्या, "कुणाच्या तरी हाताला धरून मी वर्गात गेले, तर मुलांना मी आजारी बाई वाटेन. मला नुसती बाई वाटायचंय. एकटी जाता आलं तर जाईन, नाहीतर नाही."

भाऊ काहीतरी बोलणार होता. फुटपट्टींनी त्याला डोळ्याने गप्प केलं. बायकोचा तो आवाज त्यांनी फार दिवसांनी ऐकला होता, आणि त्यांना मनातून इतकं बरं वाटलं की ते पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि जरा वेळ तिथेच उभे राहिले.

मग फुटपट्टी कामाला लागले. वसाहतीतल्या प्रत्येक फुटपाथवर दोन माणसं बोलत चालली आणि समोरून तिसरं आलं तर कुणाला खाली उतरावं लागू नये, एवढी रुंदी त्यांनी भांडून मिळवली. झाडं मधोमध न लावता कडेला घेतली. जिथे माणसांनी रस्ता ओलांडायचा तिथे माणसाला खाली न उतरवता रस्ताच फुटपाथच्या पातळीला वर आणला, म्हणजे गाडीला आपोआप दमानं यावं लागेल. पूलवाले साहेब म्हणाले, गाड्यांना त्रास होईल. फुटपट्टी म्हणाले, हो, होईल. एवढ्या कमी शब्दांत वाद जिंकलेला माणूस ऑफिसने त्याआधी पाहिला नव्हता.

या सगळ्यात त्यांचा जीव अडकला होता तो बागेतल्या वाटेत. घरांपासून शाळेपर्यंत थेट बागेतून जाणारी वाट. एकही गाडी नाही, हॉर्न नाही, धूर नाही. दोन्ही बाजूंना हिरवळ, मधे एक सुंदर गोल चौक आणि त्यातून चार दिशांना चार वाटा. काठीला कळावं म्हणून फरशीवर उठावाच्या रेघांची पट्टी. नकाशा बघून ऑफिसच्या मोठ्या मॅडम खुश झाल्या. त्यांनी तो काचेत लावून भिंतीवर टांगला. ही वाट कुणासाठी काढली हे फुटपट्टींनी कुणाला सांगितलं नाही, पण चहा पिताना ते त्या भिंतीसमोर उभे राहत हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

तोवर घरं, दुकानं उभी राहिली आणि दोघं नव्या घरात राहायला आले. बागेतल्या वाटेवर कॉंक्रीट पडायच्या आधी खडी दाबून झाली, पट्टीच्या फरशा तात्पुरत्या टाकून झाल्या, आणि एका सकाळी ते बायकोला घेऊन तिथे गेले.

"तुम्ही इथेच थांबा," बाई म्हणाल्या. "आणि मधे बोलायचं नाही."

बाई निघाल्या. सुरुवात झोकात झाली. काठी पट्टीवरून सरसर चालली होती, पाठ ताठ होती. गोल चौक आला. पट्टी गोलाला वळसा घालून गेली, बाईही गेल्या. मग पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा थांबून त्यांनी मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली. एका वाटेने थोडं जाऊन त्या परत आल्या. आलेली वाट कुठली आणि जायची कुठली, हेच त्यांना उमगेना. फुटपट्टी लांब उभे होते. बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून दातावर दात धरून उभे होते. शेवटी बाई काठी मांडीवर घेऊन खाली खडीत बसल्या, तेव्हा मात्र ते धावले.

"मी कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"बागेत. चौकात."

"बागेत आहे ते कळतंय हो मला. बागेत कुठे?" त्यांनी काठी चहूकडे फिरवली. "इथे काहीच वाजत नाही. कशाचा वास नाही. सगळीकडे नुसतं गवत. घर मागे का पुढे तेही कळत नाही."

"शांत असावं म्हणून तर मी..."

"तुम्हा डोळसांचे दिवे जातात ना," बाई म्हणाल्या, "तशी माझी शांतता."

फुटपट्टी त्यांच्या शेजारी खडीत बसले. दार, बिजागरी, घड्याळ, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. ज्या माणसासाठी एवढा आटापिटा केला त्यालाच त्यांनी अंधारात नेऊन सोडलं होतं, आणि तेही टेपने मोजून, अगदी अचूक. त्यांना रडू आलं. बाईंना ते ऐकू आलं, कारण तिथे दुसरं काही वाजतच नव्हतं. त्यांनी चाचपत नवऱ्याचा हात धरला. "उठा. वाट चांगली आहे. फिरायला येऊ आपण. पण शाळेत मी इथून नाही जाऊ शकणार."

घरापाशी आल्यावर पाव घ्यायला ते दुकानांच्या गल्लीत शिरले. दुकानं नुकती सुरू झाली होती. बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "हात सोडा." मग एकेक सांगत गेल्या. ही बेकरी, ट्रे आपटतायत. हा शिंपी, मशीन पायाची दिसतेय. इथे सायकलला हवा भरतायत. पुढे इस्त्रीचा वास. "आणि त्याच्या पुढे?"

"त्याच्या पुढे शाळेचं फाटक," फुटपट्टी म्हणाले. नकाशात ही गल्ली त्यांना पाठ होती. तिथे फुटपाथ नव्हता. ती पट्टी गाड्या उभ्या करायला दिली होती, आणि कुणी विरोध केला नव्हता, कारण फुटपट्टींना तेव्हा बागेतून सवडच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमच्या खोलीत गेले. नमनाला घडाभर तेल घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "बागेतली वाट चुकली," ते म्हणाले. "मुख्य वाट दुकानांच्या गल्लीतून न्यायला हवी. कॉंक्रीट थांबवा."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. भिंतीवरच्या काचेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "मंजूर झालेला नकाशा आहे. तुमचाच आहे. एका माणसासाठी हलवायचा?"

"एका माणसासाठी नाही. एका माणसामुळे कळलं, म्हणून."

मॅडम कडक होत्या, पण खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या दिवशी संध्याकाळी काम संपल्यावर त्या एकट्याच बागेत गेल्या. दिवे लागायची वेळ झाली होती. झाडांच्या पलीकडे घरं होती, पण एकाही खिडकीचं तोंड वाटेकडे नव्हतं. चौकापर्यंत गेल्या आणि वळून, जरा झपाझपच, परत आल्या. सकाळी त्यांनी फुटपट्टींना बोलावून सांगितलं, "माझ्या मुलीला मी संध्याकाळी क्लासहून तिथून येऊ देणार नाही. मग दुसऱ्यांच्या मुलींना कसं पाठवू? इतके दिवस तुमचा नकाशा रोज बघत होते मी, आणि हे मला सुचलं नाही. गल्ली करू. गाड्यांची जागा मागच्या मैदानात हलवायचं मी बघते. पण दुकानदार अडले तर घोडं तिथेच पेंड खाईल. त्यांना तुम्ही तयार करा."

आता आली का पंचाईत. फुटपट्टींना नकाशा काढायला सांगा, रात्रीचा दिवस करतील. पण माणसांची मनं वळवायची म्हणजे जिभेला गाठ. पहिल्या दुकानात गेले आणि दरवाजाची रुंदी कमी आहे एवढं सांगून आले. घरी बाईंनी हे ऐकलं आणि चपला घातल्या. "चला. मीच बोलते."

बेकरीवाली पटकन तयार झाली. माणसं पायी आली तर पाव जास्त खपतो, गाडीतून कुणी पाव घ्यायला उतरत नाही, हे तिचं म्हणणं. शिंप्याने मान डोलवली. इस्त्रीवाल्याने, सगळे करतील ते मी करीन, असं सांगून टाकलं. अडला तो सायकलवाला. त्याच्या दुरुस्तीच्या आणि विकायच्या सायकली दुकानापासून पार रस्त्यापर्यंत मांडलेल्या असत.

"बाई, सायकली आत घेतल्या तर गिऱ्हाइकाला माझं दुकान दिसणार कसं?"

"मला कुठे दिसतंय?" बाई म्हणाल्या. "तरी मी सरळ तुमच्याकडेच आले ना? त्या कोपऱ्यापासून तुमचा पंप ऐकू येतो."

सायकलवाला हसला, पण हटला नाही. "तुमचं ठीक आहे. पोट माझं आहे."

बाईंनी त्यावर भांडण केलं नाही. त्या म्हणाल्या, "सायकली आत नका घेऊ. भिंतीच्या कडेने एका ओळीत लावा. भिंतीकडचं तुमचं, रस्त्याकडचं झाडांचं, मधलं आमचं. मधलं मोकळं असलं की झालं. एखादं हँडल मधे आलं तर माझ्या पोटात घुसतं, दुसरं काही नाही."

सायकलवाल्याने बाईंच्या हातातल्या काठीकडे बघितलं, मग आपल्या सायकलींच्या हँडलांकडे. मग त्याने फुटपट्टींना विचारलं, "मधलं म्हणजे कुठून कुठपर्यंत? दाखवा ना. नुसतं बोलताय काय?" फुटपट्टींचा चेहरा उजळला. हे त्यांना येत होतं. खिशातून टेप निघाली, पांढरी फक्की आली, आणि त्या दुपारी गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघा पडल्या. टेपचं दुसरं टोक सायकलवाल्याने धरलं होतं. शेवटच्या दुकानापाशी पोचल्यावर, रेघ जरा वाकडी गेली म्हणून पुन्हा मारू या, असं तोच म्हणाला.

गल्ली झाली. फरशा बसल्या, पट्टी बसली, कडेला रोपं लागली. फुटपट्टींनी प्रत्येक फरशी चपलेने ठोकून बघितली. जी डुगडुगली ती काढून पुन्हा बसवून घेतली. बाई तिथून रोज थोडं थोडं चालल्या. आधी नवऱ्याचा हात धरून, मग हात सोडून, मग नवरा चार दुकानं मागे. पहिले काही दिवस रेघेच्या आत कधी खोकं यायचं, कधी स्टूल. ते बाईंच्या काठीला लागायच्या आधीच कुणीतरी हलवायचं, आणि हळूहळू यायचंच बंद झालं. फुटपट्टींना वाटायचं, या माणसांचे उपकार फेडायचे कसे? नकाशात ती नव्हतीच. नकाशात त्या जागी नुसते चौकोन होते.

शाळा उघडायच्या दिवशी बाई सकाळीच तयार झाल्या. भाऊ गाडी घेऊन हजर होता, सहज म्हणून. बाईंनी त्याला चहा दिला आणि बसवून ठेवलं. मग नवऱ्याकडे वळल्या.

"मागे यायचं नाही."

"नाही येणार."

"लांबून पण नाही. तुमच्या चपला मी ओळखते."

दार लागलं. फुटपट्टींनी रजा घेतली होती. आता त्या रजेचं करायचं काय, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी खिडकीची चौकट मोजली. भाऊ म्हणाला, "भावोजी, ही चौकट तुम्ही मघाशीच मोजलीत." मग मुख्याध्यापिकांचा फोन आला, बाई पोचल्या, वर्ग सुरू झाला, आणि मुलं मागच्या बाकापर्यंत गप्प बसून ऐकतायत. फुटपट्टींनी फोन ठेवला आणि भावाला घट्ट मिठी मारली, जे त्यांनी स्वतःच्या लग्नातही केलं नव्हतं.

दुपारी शाळा सुटली. सुटल्याची घंटा घरात ऐकू आली. फुटपट्टींनी जेवायची ताटं मांडली आणि खुर्चीत बसले. मग खिडकीत गेले. मग दारात गेले. चालत यायला लागतो तेवढा वेळ होऊन गेला, मग त्याच्या दुप्पट. जेवण गार झालं. शाळेत फोन केला तर शिपाई म्हणाला, बाई तर केव्हाच निघाल्या. भावाने गाडीची किल्ली उचलली. फुटपट्टींचा जीव टांगणीला लागला होता. मागे यायचं नाही असा शब्द दिला होता. पण पुढे होऊन शोधायला जायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, असा कायदा काढून त्यांनी चपला पायांत घातल्याच होत्या, तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज आला.

बाई आल्या. केसांत दोऱ्याचा तुकडा अडकला होता, हातात पावाची पुडी होती, आणि चेहरा असा की फुटपट्टींनी तो गेली कित्येक वर्षं पाहिला नव्हता.

"कुठे होतीस?" त्यांचा आवाज नको तेवढा चढला. "काय झालं? पडलीस का? रस्ता चुकलीस?"

"काही झालं नाही. थांबत थांबत आले." बाई खुर्चीत बसल्या. "बेकरीवालीची लेक बाळंतपणाला आलीय, तिच्याशी बोलले. शिंप्याकडे बसले, तो म्हणाला ब्लाऊजचं कापड निवडा, मग हात लावून लावून निवडलं. सायकलवाल्याने चहा पाजला. निघाले, आणि वाटलं अजून थोडं बसावं, म्हणून परत बसले." पावाची पुडी नवऱ्याच्या हातात देत त्या म्हणाल्या, "अहो, डोळे गेल्यापासून मला कधी उशीरच झाला नव्हता. कुणीतरी न्यायचं, कुणीतरी वेळेवर आणून सोडायचं. आज मी माझ्या मनाने उशीर केला."

फुटपट्टींच्या जिभेवर रागाची दोन-चार वाक्यं तयार होती. ती कुठे गेली त्यांना कळलं नाही. त्यांनी चपला काढल्या आणि बायकोसमोर जमिनीवरच बसले. बेकरीवाली, शिंपी, इस्त्रीवाला, सायकलवाला, मॅडम, या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता जाऊन हात जोडावेत असं त्यांना वाटत होतं, पण डोळे वाहायचे थांबत नव्हते. भावाने किल्ली परत खिशात टाकली आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला.

"रागावलात का?" बाईंनी विचारलं.

"नाही," फुटपट्टी म्हणाले. "उद्या पण कर उशीर."